उंदराचा उपास आणि तुमचा सोमवार

पत्राचा सारांश: साताऱ्याकडच्या एक वाचक भगिनी, वय 46. रविवारी रात्री आठला जेवल्यावर सोमवारी रात्री आठपर्यंत फक्त पाणी आणि कोरा चहा, असा चोवीस तासांचा उपास त्या दीड वर्ष करताहेत. ‘आतड्याला विश्रांती मिळते, नव्या पेशी तयार होतात’ हे एका व्हिडिओत ऐकून त्यांनी तो धरला; सासूबाईंचं ‘लंघनं परमौषधम्’ पाठीशी होतंच. उपास सुटतो तो साबुदाण्याची खिचडी आणि काहीतरी गोड खाऊन. वडिलांना 54व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला होता. आता मुलाने एक बातमी पाठवली आहे, की उपासानंतर जेवलं की आतड्यातल्या पेशी जोराने वाढतात आणि उंदरांमध्ये याच काळात गाठी जास्त झाल्या. त्या विचारतात, उपास बंद करू का? की धोका खाण्यात असेल तर उपासच लांबवू, येत्या नवरात्रात नऊ दिवस नुसत्या पाण्यावर राहू? सोडायचा तर कसा? त्या स्वतः मेटफॉर्मिन घेतात. ग्लिमेपिराइड आणि डापाग्लिफ्लोझिन (ही सगळी मधुमेहाची औषधं) घेणारे त्यांचे यजमानही आता सोमवार धरायचं म्हणताहेत.

ताई, व्हिडिओने अर्धवट सांगितलेल्या गोष्टीपासून सुरुवात करू. आतड्याचं अस्तर नवं होण्यासाठी उपास लागत नाही. तुम्ही दोन्ही वेळा पोटभर जेवत असलात तरी लहान आतड्याचं अस्तर साधारण 3 ते 5 दिवसांत बदलतं. या अस्तरावर बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात, आणि त्यांच्या बुडाशी खोलगट खळगे, म्हणजे क्रिप्ट. खळग्याच्या तळाशी मूलपेशी असतात. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने 2007 साली एलजीआर5 या खुणेवरून त्या नेमक्या ओळखल्या. उंदरात या पेशी साधारण दिवसाला एकदा दुभंगतात. त्यांच्यापासून झालेल्या पेशी आणखी काही वेळा दुभंगत सरकत्या जिन्यावरून वर जावं तशा उंचवट्याच्या टोकाकडे सरकतात. वाटेत कुणी अन्नरस शोषणारी पेशी होते, कुणी बुळबुळीत स्राव सोडणारी, कुणी हार्मोन बनवणारी. टोकाला पोचल्या की त्या गळून पडतात. मूलपेशींच्या शेजारच्या पॅनेथ पेशी मात्र तळाशीच राहतात, काही आठवडे टिकतात, आणि शरीरात अन्न किती आलंय याची खबर मूलपेशींना देतात.

हे चक्र किती वेगाने फिरायचं, ते अन्नावर ठरतं. जेवण झालं, इन्सुलिन आणि प्रथिनांपासून सुटलेली अमिनो आम्लं रक्तात वाढली, की पेशीतली एमटॉर नावाची यंत्रणा जागी होते आणि पेशी वाढीच्या कामाला लागते. उपाशीपोटी ती मंदावते. शिवाय आतड्यातून अन्न प्रत्यक्ष जाणं हाही स्वतंत्र इशारा आहे. अन्न पुढे सरकलं की आतड्यातल्या काही पेशी जीएलपी-2 हे हार्मोन सोडतात आणि त्याने अस्तराची वाढ होते. रुग्णाला शिरेतून सगळं पोषण मिळत असलं, पण तोंडाने काहीच जात नसलं, तर अस्तर पातळ होऊ लागतं. रुग्ण स्थिर झाला की डॉक्टर नळीतून का होईना, थोडं अन्न आतड्यात घालायची घाई करतात, त्याचं हे एक मोठं कारण. तेव्हा ‘आतड्याला विश्रांती’ हे शब्द चुकीचे नाहीत, पण त्या विश्रांतीत नव्या पेशी जास्त बनत नाहीत, कमी बनतात. भराभर बनतात त्या पारण्यानंतर. उपाशी ठेवलेल्या उंदरांत पेशींचं दुभंगणं मंदावतं आणि खायला घातल्यावर नेहमीपेक्षाही वर जातं, हे संशोधकांना काही दशकांपासून माहीत आहे.

मग ‘उपासाने मूलपेशी ताज्या होतात’ हे आलं कुठून? अमेरिकेतल्या एमआयटीतल्या ओमर यिल्माझ आणि सहकाऱ्यांच्या 2018 सालच्या कामातून. त्यांनी उंदरांना 24 तास उपाशी ठेवून त्यांच्या आतड्यातल्या मूलपेशी बाहेर काढल्या आणि प्रयोगशाळेत वाढवल्या. उपाशी उंदरांच्या पेशी साखरेऐवजी चरबी जाळायला लागल्या होत्या, आणि छोटी आतडी म्हणावीत असे गोळे तयार करण्याची त्यांची ताकद जवळपास दुप्पट झाली होती. तरुण उंदरांत तसंच म्हाताऱ्या उंदरांतही. हा प्रयोग खरा आहे आणि चांगला आहे. फक्त तो पेशींच्या क्षमतेबद्दल होता. ती क्षमता जिवंत आतड्यात कधी वापरात येते, हे त्याच गटाच्या 2024 च्या कामाने दाखवलं, आणि तुमच्या मुलाने पाठवलेली बातमी त्याच कामाची आहे. यात तीन गट होते: 24 तास उपाशी असलेले, 24 तास उपाशी राहून पुढचे 24 तास मनसोक्त खाल्लेले, आणि कधीच उपाशी न राहिलेले. मूलपेशी सगळ्यात जोरात दुभंगत होत्या त्या दुसऱ्या गटात. एमटॉर जागी झाली, पॉलिअमाइन नावाचे छोटे रेणू जास्त बनू लागले आणि त्यांच्या जोरावर पेशींनी प्रथिनं बनवण्याचा सपाटा लावला. आतड्याला इजा झालेली असेल तर ही भरारी उपयोगाची. पण अशा ऐन भराच्या वेळी मूलपेशीत कॅन्सरकडे नेणारा बिघाड झाला, तर गाठीही जास्त होतात, हे त्याच प्रयोगात दिसलं.

(जाता जाता: स्पर्मिडीन हे असंच एक पॉलिअमाइन, आणि ते ‘तारुण्य टिकवणारं’ म्हणून कॅप्सूलमध्ये विकलं जातं. डाळी, सोयाबीन, गव्हाचा अंकुर यांतही ते असतंच. बातमी वाचून डाळ सोडू नका आणि कॅप्सूलही आणू नका.)

आता बातमीतून गळालेले तपशील बघू. त्या उंदरांत गाठी आपोआप झाल्या नव्हत्या. एपीसी नावाचा, गाठ होऊ न देणारा जनुक संशोधकांनी त्यांच्या मूलपेशींमधून मुद्दाम काढून टाकला होता, तोही नेमका खाण्याच्या काळात. माणसाच्या मोठ्या आतड्यातले बहुतेक कॅन्सर याच जनुकातल्या बिघाडापासून सुरू होतात, म्हणून प्रयोग महत्त्वाचा. पण माणसात हा बिघाड एखाद्या पेशीत कधीतरी योगायोगाने होतो, आणि त्यातून आधी पॉलिप, म्हणजे अस्तरावरची छोटी वाढ, मग कॅन्सर व्हायला बहुधा दहा-दहा वर्षं जातात.

दुसरं, उंदराचे चोवीस तास म्हणजे तुमचे चोवीस तास नव्हेत. पंचवीस-तीस ग्रॅमचा तो जीव दिवसभर उपाशी राहिला की वजनाचा दहावा भाग किंवा त्याहून जास्त घालवतो. साठ किलोच्या बाईने एका दिवसात सहा किलो घालवल्यासारखं ते झालं. तुमचं सोमवारी फार तर किलोभर उतरत असेल, त्यातही बरंचसं पाणी. उंदराच्या त्या उपासाची बरोबरी माणसाने करायची तर कित्येक दिवस लागतील. साप्ताहिक उपास करणाऱ्या माणसांना वर्षानुवर्षं पाहून त्यांच्यात आतड्याचा कॅन्सर वाढला की घटला हे मोजणारा प्रयोग झालेला नाही. त्यामुळे माझं मत असं, की बातमीमुळे सोमवार बंद करायची गरज नाही, आणि व्हिडिओमुळे चालू ठेवायचीही नाही. वजन आटोक्यात राहतं म्हणून करत असाल, श्रद्धेने करत असाल, हलकं वाटतं म्हणून करत असाल, तर ती कारणं तुमची आहेत आणि पुरेशी आहेत. ‘आतडं नवं होतं’ हे कारण मात्र यादीतून काढा. (2016 चं नोबेल उपासाला मिळाल्याचंही तुम्ही ऐकलं असेल. ते योशिनोरी ओसुमी यांना मिळालं, पेशी स्वतःचाच टाकाऊ माल कसा पचवतात हे यीस्टमध्ये शोधून काढल्याबद्दल. माणसाने किती तास उपाशी राहावं हा त्यांचा विषय नव्हता.)

संकष्टी-एकादशी धरणाऱ्या इतर वाचकांनीही एक हिशेब करून बघावा. 60 ग्रॅम कोरडा साबुदाणा, 25 ग्रॅम दाण्याचं कूट आणि दोन चमचे तूप यांची एक ताटली खिचडी साधारण 440 कॅलरींची होते. दुपारी अशी एक खाल्ली की एमटॉरच्या लेखी उपास संपला. धर्माच्या हिशेबात तो उपास आहेच, पेशींच्या हिशेबात ते नेहमीचं जेवण, तेही प्रथिनं कमी आणि स्टार्च जास्त असलेलं. अशांना ही बातमी लागूच होत नाही.

आता तुमच्या पत्रातल्या खऱ्या काळजीकडे येतो. तुम्ही ती एका ओळीत लिहून पुढे गेलात: वडिलांना 54व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर. आई, वडील, भावंडं किंवा मुलं यांपैकी एकाला साठीच्या आत हा कॅन्सर झाला असेल, तर अमेरिकेतल्या पोटविकार तज्ज्ञांची शिफारस अशी आहे: वयाच्या 40व्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा पहिली कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी), आणि पुढे दर 5 वर्षांनी. तुमच्या बाबतीत 54 वजा 10 म्हणजे 44, आणि 40 त्याच्या आधी येतं. म्हणजे तुमची तपासणी सहा वर्षं मागे पडली आहे. आपल्याकडे सरकारी तपासणी मोहिमेत तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर असतो, आतड्याचा नसतो. त्यामुळे कुणी पत्र पाठवून बोलावणार नाही, आपणच जावं लागतं. कोलोनोस्कोपीत पॉलिप दिसला तर बहुतेकदा तिथल्या तिथे काढता येतो. दीड वर्षाच्या सोमवारांनी कॅन्सरचा धोका किती कमी झाला हे कुणी सांगू शकणार नाही. काढलेल्या पॉलिपचा कॅन्सर होत नाही, हे नक्की.

आजोबा, आत्या, काका यांनाही आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला होता का, किती वर्षांचे असताना, हे विचारून कागदावर लिहून न्या. वडिलांच्या बायोप्सीचा रिपोर्ट असेल तर तोही. एकाच घरात असे अनेक जण निघाले तर डॉक्टर लिंच सिंड्रोम (अशा कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष) किंवा एपीसीचाच आनुवंशिक दोष यांची जनुकीय तपासणी सुचवतील. हा आनुवंशिक दोष खरोखरच निघाला, तर उपास-पारण्याचा प्रश्न वेगळ्या गांभीर्याने घ्यावा लागेल, आणि मग मी सोमवार थांबवायलाच सांगेन. तो निकाल लागेपर्यंत चोवीस तासांच्या पुढे जाऊ नका. तपासणीच्या तयारीत आधीचे दोन-तीन दिवस बिया, दाणे, राजगिरा, पालेभाज्या बंद असतात, आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ, आणि जुलाबाचं औषध दोन हप्त्यांत: अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं तपासणीच्या चार ते सहा तास आधी. दुसरा हप्ता कंटाळून अर्धवट सोडणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. आतडं नीट साफ नसेल तर लहान पॉलिप दिसतच नाही. लोहाच्या गोळ्या सुरू असतील तर आठवडाभर आधी बंद करायला सांगतात, मेटफॉर्मिनचं काय करायचं ते विचारून घ्या.

पारण्याबद्दल. हळू सोडल्याने कॅन्सर टळतो असं कुणी दाखवलेलं नाही, पण पोट नक्की बरं राहतं. तुमची वेळ आधी बदला. रात्री आठला उपास सोडायचा, भूक अनावर झालेली, भरपूर खायचं आणि दहाला आडवं व्हायचं, म्हणजे जळजळ ओढवून घ्यायची. त्यापेक्षा रविवारी दुपारी एक ते सोमवारी दुपारी एक असा उपास करा. तास तेवढेच, आणि पारणं दिवसाउजेडी. सुरुवातीला कपभर कोमट पाणी किंवा चिमूटभर मीठ घातलेलं पातळ ताक. पंधरा-वीस मिनिटांनी मुगाच्या डाळीची आसट खिचडी वाटीभर, तिच्यावर चमचाभर तूप, बाजूला शिजवलेला दुधी किंवा लाल भोपळा. सावकाश चावून खायचं आणि तिथे थांबायचं. तास-दीड तासाने उरलेलं जेवण: एक भाकरी, घट्ट वरण, भाजी, दही. त्यात प्रथिनं असू द्या. वाटीभर घट्ट वरणातून साधारण 7 ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून 6, पन्नास ग्रॅम पनीरमधून 9 च्या आसपास. साबुदाण्यात ती नावालाही नसतात.

खिचडी आणि गोड यांनी तुमचं काय बिघडतं तेही सांगतो. दिवसभर उपाशी असताना पित्ताशय पित्ताने भरून राहतं. एकदम तेलातुपाचं पोटात गेलं की ते जोरात आकसतं, आणि आत खडे असतील तर उजव्या बरगडीखाली कळ येते. सरबत, रस, शिरा असं भरपूर गोड रिकाम्या आतड्यात गेलं की ते पाणी ओढून घेतं आणि पातळ जुलाब होतात. त्यालाच लोक कौतुकाने ‘पोट साफ झालं’ म्हणतात. लांबलेल्या उपासानंतरच्या पहिल्या जेवणाला रक्तातली साखर नेहमीपेक्षा जास्त चढू शकते, आणि तुम्ही मेटफॉर्मिनवर आहात. दूध ज्यांना एरवीही पचत नाही त्यांनी ते पारण्याला मुळीच घेऊ नये.

पारण्याच्या दिवशी पेशी भराभर दुभंगत असतील, तर त्या वेळी आतड्यात काय जातं याला महत्त्व असावं, इतका तर्क मला पटतो. त्याला पुरावा म्हणणार नाही. म्हणून त्या दिवशी दारू नको, करपलेलं आणि जळक्या तेलातलं नको, सॉसेज-सलामी नको. दाणे खवट, कडू किंवा बुरशी आलेले असतील तर फेकून द्या. उपासात भूक मारायला सुपारी, तंबाखू किंवा मिश्री जवळ करणाऱ्या बायका आपल्याकडे कमी नाहीत. उपास मोडला तरी चालेल, ती सवय मोडा.

नऊ दिवस नुसत्या पाण्यावर राहण्याचा बेत रद्द करा. धोका खाण्यात आहे म्हणून न खाणं वाढवायचं, हा हिशेब उलटा आहे. कधी ना कधी जेवायचंच आहे, आणि उपास जितका लांब तितकं पारणं अवघड. पाच दिवसांपेक्षा जास्त काळ पोटात जवळजवळ काहीच गेलं नसेल, तर खाणं सुरू करतानाच जिवाला धोका होऊ शकतो. जेवताच इन्सुलिन वाढतं आणि फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रक्तातून पेशींत शिरतात. लांब उपासाने शरीरातला साठा आधीच आटलेला असतो, त्यामुळे रक्तातलं प्रमाण धाडकन खाली येतं. थायमिनही, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, कमी पडतं. पहिल्या काही दिवसांत पायांवर सूज, धाप, धडधड, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं दिसली तर घरी थांबायचं नाही, थेट रुग्णालयात जायचं. घरात कुणी पर्युषणात अठाई, म्हणजे आठ दिवसांचा जैन उपास, करत असेल तर त्यांनी पारण्याआधी डॉक्टरांना भेटून या तिन्ही क्षारांची रक्ततपासणी करावी आणि थायमिन विचारून घ्यावं. डॉक्टर अशा वेळी पहिल्या दिवशी वजनाच्या किलोमागे 10 कॅलरींच्या आसपास सुरुवात करतात, म्हणजे 55 किलोच्या माणसाला दिवसभरात साधारण 550, आणि चार ते सात दिवसांत हळूहळू वाढवतात. पारण्याच्या पंगतीत आग्रह करकरून वाढणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

नवरात्र करायचंच असेल तर दिवसातून दोनदा फराळ घ्या: भगर, दही, राजगिऱ्याची भाकरी, रताळं, भिजवलेले दाणे. पाणी दोन-अडीच लिटर. निर्जळीने आतड्याचं काहीच भलं होत नाही, बद्धकोष्ठता तेवढी होते.

तुमच्या यजमानांनी मात्र तुमचं बघून सोमवार धरू नये. ग्लिमेपिराइड पोटात अन्न नसलं तरी इन्सुलिन सोडायला लावतं, आणि दुपारपर्यंत साखर 70 च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चिडचिड सुरू झाली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची, मग उपास मोडला तरी बेहत्तर. डापाग्लिफ्लोझिनचं दुखणं याहून फसवं. उपाशीपोटी त्याने रक्तात कीटोन आम्लं साठू शकतात, आणि ग्लुकोमीटरवर साखर जवळपास ठीक दिसत असतानाच मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप सुरू होते. घरातले ‘पित्त झालंय’ म्हणून लिंबूपाणी देत बसतात. त्यांच्या डॉक्टरांनी गोळ्यांचे दिवस आणि डोस लेखी बदलून दिल्याशिवाय एकही उपास नको, आणि स्वतःच्या मनाने गोळी चुकवणंही नको. तुमचं मेटफॉर्मिन एकटं असेल तर साखर सहसा फार खाली जात नाही, पण रिकाम्या पोटी मळमळतं. सोमवारची गोळी पारण्याच्या जेवणाबरोबर चालेल का, हे विचारून घ्या.

शौचात रक्त, काळसर शौच, काही आठवडे टिकलेला सवयीतला बदल, कारण नसताना उतरलेलं वजन किंवा हिमोग्लोबिन, यातलं काही असेल तर कोलोनोस्कोपीची तारीख याच आठवड्यात घ्या. वजन उतरलंय ते उपासामुळेच, असं धरून चालू नका. आणि सख्खी भावंडं असतील तर त्यांनाही हे पत्र वाचायला द्या. वडील त्यांचेही तेच आहेत, आणि चाळिशी ओलांडली असेल तर त्यांचीही तपासणी राहून गेली आहे.